एमबीएला घालण्यापूर्वी, आणि घातल्यानंतर

मुलगा बी. एस्सी. ॲग्री झाला, मुलगी बी. कॉम. झाली, की आता पुष्कळ घरांत एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे एमबीए. एके काळी डी. एड.चे वारे होते, मग इंजिनिअरिंगचे आले, आता हे आले आहे. मुलांना शिकू द्यावे, त्यात वावगे काही नाही. पण दोन वर्षांची फी, वसतिगृह, खाणावळ आणि जाणे-येणे मिळून पाच-सात लाखांपासून पुढे कितीही जाणारा हा खर्च आहे. तो भागवायला कुणी बँकेचे कर्ज काढतो, कुणी घरातला डाग मोडतो, कुणी विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकतो. आणि एवढे ज्या नोकरीच्या आशेवर करायचे, ती नोकरी कोण देते, केव्हा देते, कशी देते, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. बियाणे घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर वाचतो, उगवण किती टक्के ते दुकानदाराला विचारतो. कॉलेज घेताना मात्र गुळगुळीत कागदावरची इमारत पाहून पैसे भरून मोकळे होतो. तेव्हा मंडळी, या आठवड्यात थोडे या बियाण्याविषयी बोलू.

कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव

बाजार समितीच्या फळ्यावर तीन भाव लिहिलेले असतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल भाव बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला मिळालेला असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच छापून येतो, आणि ते वाचून जो गाडी भरतो त्याच्या हाती सर्वसाधारण भावही लागेल याची खात्री नसते. हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत जे ‘सर्वाधिक पॅकेज’ छापतात, तो हा कमाल भाव आहे. त्याखाली ‘सरासरी पॅकेज’ असते, तेही फसवे असू शकते. समजा नऊ मुलांना नोकऱ्या लागल्या. त्यांचे वर्षाचे पगार लाखांत असे आहेत: ३, साडेतीन, ४, ४, साडेचार, ५, ६, ८ आणि शेवटच्या एकाला ३०. बेरीज ६८ लाख. नवाने भागले की सरासरी साडेसात लाखांच्या वर जाते. पण नवांतल्या सात जणांना सहा किंवा त्याहून कमीच मिळाले आहेत! पगारांप्रमाणे मुले ओळीने उभी केली आणि मधोमध उभ्या असलेल्याला विचारले, तर तो साडेचार लाख सांगेल. या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. आपल्या कामाचा आकडा तो.

आणि तो आकडा मिळतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाकडून २०१६ पासून दरवर्षी शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर होते. तिला एनआयआरएफ म्हणतात. तीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला लिहून द्यावे लागते, की पहिल्या वर्षाला किती मुले घेतली, त्यांतली वेळेत पास किती झाली, नोकरीला किती लागली, पुढे शिकायला किती गेली आणि नोकरीला लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक किती. हे तक्ते इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. मोबाइल तर आता घरोघर आहे. मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडूनच ते काढून घ्या, आणि पुस्तिकेतले आकडे त्याच्याशी ताडून पाहा. माहिती संस्थेनेच भरलेली असते हे खरे, तरी सरकारदरबारी लिहून दिलेले आणि जाहिरातीत छापलेले यांत फरक दिसला, तर तो फरकच पुष्कळ सांगून जातो. संस्थेचे नावच त्या क्रमवारीत नसेल, तर का नाही ते विचारावे.

‘शंभर टक्के नोकऱ्या’ हे दुसरे एक मृगजळ. शंभर टक्के कशाचे? पुष्कळ ठिकाणी आधी मुलांची छाननी होते. हजेरी कमी, एखादा विषय राहिलेला, फी थकलेली, अशी मुले ‘अपात्र’ म्हणून बाजूला काढतात. काही मुलांकडून ‘मला नोकरी नको, मी घरचा धंदा पाहणार आहे’ असे लिहून घेतात. उरलेल्यांतल्या सगळ्यांना लागली की झाले शंभर टक्के. म्हणून प्रश्न असा विचारावा: दोन वर्षांपूर्वी प्रवेश किती मुलांनी घेतला होता, आणि त्यांतल्या किती जणांच्या हातात नेमणुकीचे पत्र पडले? ही नोंद नीट कशी ठेवावी याचा नमुना आपल्याच देशात आहे. अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन नोकऱ्यांचा अहवाल कसा लिहावा याचे ठरावीक नियम बांधले, आणि आपला अहवाल ती संस्था बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घेऊन जाहीर करते.

प्रवेशाआधीचे कागद

यात फार वेळ घालवत नाही, पण दोन-चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. संस्थेला एआयसीटीईची मान्यता आहे का, हे पाहावे. विद्यापीठाची पदवी असेल तर तिला एमबीए किंवा एमएमएस म्हणतात, स्वायत्त संस्थेची पदविका असेल तर पीजीडीएम. पीजीडीएम वाईट असते असे नाही. देशातल्या कित्येक नामांकित संस्था तीच देत आल्या आहेत. फक्त आपण काय घेतो आहोत ते माहीत असावे.

महाराष्ट्रात एमबीएसाठी राज्याची सीईटी होते. अडीच तासांत दोनशे प्रश्न, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यानंतर ‘कॅप’ म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्या. त्या फेरीतून प्रवेश घेण्याला महत्त्व आहे, कारण राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी असलेला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अशा योजनांचा रस्ता त्या फेरीतून जातो. एजंट म्हणतो, ‘कशाला ती भानगड, मॅनेजमेंट कोट्यातून आजच सीट पक्की करू.’ त्याच्या नादी लागून ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांना नंतर महाडीबीटीवर अर्ज करताना कळते की आपण यात बसत नाही. खासगी कॉलेजांची फी किती असावी हे राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ठरलेली फी जाहीर असते. त्याच्यावर पावतीशिवाय मागितलेला पैसा म्हणजे कॅपिटेशन, आणि त्याला महाराष्ट्रात १९८७ सालापासून कायद्याने बंदी आहे. मूळ दाखले पडताळून पाहून परत द्यायचे असतात. ते अडकवून ठेवू नयेत असे यूजीसीने २०१८ मध्येच बजावले आहे.

नोकरीचा बाजार भरतो कसा

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे समजूत अशी, की दोन वर्षे शिकायचे, परीक्षा द्यायची, निकाल लागला की नोकरी शोधायची. एमबीएत तसे नसते. कंपन्या कॉलेजात येतात त्या मुले शिकत असतानाच. पहिल्या वर्षी मूल जरा रुळते न रुळते तोच ‘समर’च्या मुलाखती सुरू होतात. समर म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये, उन्हाळ्यात, एखाद्या कंपनीत करायचे सुमारे दोन महिन्यांचे काम. घरचे म्हणतात, ‘उन्हाळ्यात ये गावाकडे, लग्नसराई आहे, बहिणीचे जमतेय.’ कृपा करून असे बोलावू नका. हे दोन महिने म्हणजे पेरणीचे दिवस आहेत. त्यांत कंपनीला मूल पसंत पडले तर दुसरे वर्ष सुरू होतानाच त्याच्या हातात पक्की नोकरी असू शकते. आणि तसे नाही झाले, तरी शेवटच्या मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न याच दोन महिन्यांवर येतात. तिथे काय केलेस, कोणाला भेटलास, किती दुकाने पालथी घातलीस, काय कळले.

दुसऱ्या वर्षी पक्क्या नोकरीच्या मुलाखती. आधी कंपनी आपली माहिती सांगते, मग अर्ज चाळून काही नावे निवडते, मग आठ-दहा मुलांना गोल बसवून एखाद्या विषयावर चर्चा करायला लावते, मग एकेकाची मुलाखत घेते. बहुतेक ठिकाणी नियम असा, की एक नोकरी पदरात पडली की त्या मुलाने पुढच्या कंपन्यांना बसायचे नाही. म्हणून पहिल्या आलेल्या कंपनीत बसायचे की थांबायचे, हा मोठा पेच असतो. त्यावर आपण गावाहून फोनवर निकाल देऊ नये. पण विचारले तर एवढे सांगावे, की कर्जाचा हप्ता किती बसणार आहे आणि घर किती दिवस थांबू शकते. तेवढी माहिती त्याला तुमच्याशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.

कॉलेजातला प्लेसमेंट सेल नोकरी देत नाही, तो दार उघडून देतो. बऱ्याच ठिकाणी ते दार मुलेच उघडतात, म्हणजे मुलांची समिती कंपन्यांना फोन करते, पत्रे लिहिते. ज्याला त्या समितीत काम करायची संधी मिळेल त्याने ती सोडू नये. चार अनोळखी माणसांशी फोनवर नीट बोलता येऊ लागते, हाच मोठा लाभ. प्रवेशापूर्वी कॉलेज पाहायला जाल तेव्हा साहेबाच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका. कॅन्टीनपाशी दुसऱ्या वर्षाची दोन मुले गाठा आणि विचारा, ‘बाळांनो, तुमच्या वर्गातल्या किती जणांचे झाले?’ मुले सहसा खोटे सांगत नाहीत.

आपल्या मुलांजवळ काय असते

गावाकडची मुले त्या गोल चर्चेत मागे पडतात ती बहुधा इंग्रजीमुळे. त्यावर जादू नाही. रोज मोठ्याने वाचणे, रोज दहा मिनिटे मोबाइलवर स्वतःचे बोलणे भरून ते ऐकणे, आणि चुकले तरी वर्गात हात वर करणे, हे पहिल्या महिन्यापासून केले तर वर्षभरात फरक पडतो. मुलाखतीच्या आदल्या महिन्यात केले तर पडत नाही.

पण दुसरी एक गोष्ट आहे. ही मुले अर्जाचा एक पानी कागद लिहितात तेव्हा त्यात शहरातल्या मुलाचे पाहून ‘लीडरशिप’, ‘टीमवर्क’ असले शब्द भरतात आणि आपले खरे काम लिहायला लाजतात. अहो, ज्या मुलीने तीन वर्षे गावच्या दूध संकलन केंद्राची वही सांभाळली, फॅट आणि एसएनएफप्रमाणे दहा-दहा दिवसांची बिले काढली, तिला हिशेब येतो हे वेगळे सांगायला हवे का? ज्याने बापाबरोबर वाशीला डाळिंब नेले, हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टीवर काय उरले ते पाहिले, त्याला बाजार शिकवायला कोणता मास्तर लागतो? गणेश मंडळाची वर्गणी आणि जमाखर्च, बचत गटाचे कर्जवाटप, ठिबकची जोडणी करून देण्याचा सुट्टीतला धंदा, चुलत्याच्या खतदुकानातली उधारी वसुली, हे सगळे त्या कागदावर आले पाहिजे. आकड्यांसह आले पाहिजे. किती सभासद, किती लिटर, किती रुपये, किती महिने. ‘मी शेतकरी कुटुंबातला आहे’ एवढे लिहून भागत नाही. तिकडे त्याची कीव होते, किंमत होत नाही.

ट्रॅक्टर, बियाणे, खते, औषधे, ठिबक, दूध, पशुखाद्य, पीकविमा, शेतीकर्ज, या सगळ्या धंद्यांना अशीच माणसे लागतात. याच वाटेने जायचे असेल तर त्यासाठीच उभारलेल्या संस्था आहेत. डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये गुजरातेत आणंद येथे ‘इर्मा’ काढली. तिथली मुले शिक्षणाचा भाग म्हणून खेड्यात जाऊन राहतात. २०२५ च्या कायद्याने ती आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली आहे. हैदराबादची ‘मॅनेज’ १९८७ सालची, तिथे १९९६ पासून कृषिव्यवसाय व्यवस्थापनाची पदविका आहे. आपल्या पुण्यात वैकुंठभाई मेहता सहकार व्यवस्थापन संस्था आहे. अहमदाबाद आणि लखनौच्या आयआयएममध्येही शेतीधंद्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. इकडे जायचे तर बहुतांशी कॅट ही परीक्षा द्यावी लागते. ती नोव्हेंबरच्या अखेरीस असते आणि अर्ज ऑगस्टच्या सुमारासच सुटतात. सोयाबीनच्या काढणीच्या गडबडीत तारीख निघून गेली, असे होऊ देऊ नका.

एक मात्र आधी सांगून ठेवतो. या नोकऱ्या पंख्याखाली बसायच्या नव्हेत. पहिली दोन-तीन वर्षे तालुक्या-तालुक्यांत गाडीवर फिरायचे, दुकानदाराला माल घालायचा, महिन्याचे टार्गेट पुरे करायचे, थकलेली उधारी मागायची. ‘एवढा शिकला आणि मोटारसायकलवर औषधे विकतो,’ असे पाव्हण्यारावळ्यांत कोणी म्हणाले, तर घरच्यांनी तिथल्या तिथे गप्प करावे. पुढे याच वाटेने माणसे वर चढतात. मुलींच्या बाबतीत तर फिरतीचे नाव काढले की घर नकार देते. नकार देण्याआधी गाव कोणते, मुक्काम कुठे, वाहन कोणाचे, बरोबर कोण, हे तिला विचारावे. तिने ते आधीच विचारून ठेवलेले असते.

पगाराचा हिशेब

मुलाचा फोन येतो, ‘आबा, सहा लाखांचे पॅकेज मिळाले.’ आबा बाराने भागतात आणि गावभर सांगतात, पन्नास हजार पगार. तसे नसते. कंपनी जो आकडा सांगते त्याला सीटीसी म्हणतात, म्हणजे त्या माणसापायी कंपनीला वर्षाचा एकूण खर्च. उदाहरण घेऊ. सहा लाखांत मूळ पगार तीन लाख धरला, तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा बारा टक्क्यांनी ३६,००० होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १४,४०० होते. विम्याचे दहा हजार धरा. कामगिरीवर मिळणारा बदलता भाग साठ हजार धरा, तो मिळालाच तर वर्षाअखेरीस मिळतो. हे वजा जाता राहिले ४,७९,६००, महिन्याला सुमारे चाळीस हजार. त्यातून मुलाचा स्वतःचा निधीचा वाटा तीन हजार आणि व्यवसाय कर दोनशे गेला की हातात पडतात ३६ ते ३७ हजार. शहरातली खोली, डबा आणि गाडीचे पेट्रोल यांतूनच.

आता कर्ज पाहू. दर वर्षी चार लाख उचलले, दोन वर्षांत आठ लाख झाले. व्याज दहा टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षी चाळीस हजार, दुसऱ्या वर्षी ऐंशी हजार, तिसऱ्या वर्षी पुन्हा ऐंशी हजार. म्हणजे हप्ता सुरू होईपर्यंत आठाचे दहा लाख झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सव्वातेरा हजारांच्या आसपास. तेच व्याज वेळच्या वेळी भरत गेलात, तर आठच लाखांवर हप्ता बसतो, सुमारे साडेदहा हजारांचा. दुधाच्या पगारातून जमेल तसे महिन्याचे व्याज भरले तर पुढे पोराच्या मानेवरचे जू हलके होते, आणि असे भरणाऱ्याला काही बँका दरातही थोडी सूट देतात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी सरकारी हमी योजना आहे, तेव्हा त्या रकमेसाठी कोणी जमीन तारण मागू लागला तर आधी तेवढे विचारून घ्यावे.

नेमणुकीचे पत्र आले की चौघांत बसून सगळे वाचावे. गाव कोणते, हजर व्हायची तारीख कोणती, नोकरी सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे, किती वर्षे बांधून घेतले आहे. कंपन्या कधी कधी हजर व्हायची तारीख पुढे ढकलत राहतात. अशा वेळी दुसरीकडे अर्ज करणे थांबवू नये. आणि ‘नोकरी पक्की, फक्त ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपचे डिपॉझिट भरा,’ असा फोन किंवा मेसेज आला तर तो लुच्चेगिरीचा समजावा. खरी कंपनी नोकरी देताना पैसे घेत नाही. पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन लावावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

मुलाखतींच्या दिवसांत मुलाला रोज रात्री ‘लागली का?’ विचारू नये. वर्गातल्या मित्राची लागलेली असते, याची नसते, आणि तो हॉस्टेलच्या गच्चीवर एकटा उभा राहून तुमच्याशी बोलत असतो. जेवलास का, एवढे विचारले तरी पुरे. आणि मुलगा-मुलगी फोनवर नेहमीपेक्षा फार कमी बोलू लागली, तर बापाने एसटी पकडून जाऊन यावे.

वर्ष संपले आणि काहीच हाती लागले नाही, असेही होते. म्हणून कॉलेज संपत नाही. जुन्या विद्यार्थ्यांना गाठणे, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज करणे, समरच्या साहेबाला पुन्हा पत्र लिहिणे, यातून महिन्या-दोन महिन्यांनी नोकऱ्या लागतात. तोवर मूल घरी आलेच तर त्याला चारचौघांत तोंड चुकवत बसू देऊ नका. आपल्या तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिथे पाठवा. २०२० मध्ये केंद्राने अशा दहा हजार कंपन्यांची जी योजना काढली, तीत व्यवस्थापकाच्या पगारासाठी पहिली तीन वर्षे महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत मदत धरलेली आहे. कित्येक कंपन्यांत ती खुर्ची रिकामी असते, नाहीतर संचालकाचा भाचा तिच्यावर बसलेला असतो. नाशिकजवळ मोहाडीच्या ‘सह्याद्री’सारखी कंपनी शेतकऱ्यांनीच उभी केलेली आहे, आणि तिथे शिकलेल्या मुलांना भरपूर काम आहे. सहा महिने खरेदीची वही, गोदामातला माल आणि जीएसटीचे कागद सांभाळले, तर पुढच्या मुलाखतीत सांगायला त्याच्याकडे काहीतरी असेल. चेअरमन ओळखीचे असतील तर उद्याच्या बाजारी भेटून विचारून घ्या.